गेलतो, कराय लागलोय आणि इंग्रजी : रोजच्या वाक्यांतून शब्द आणि व्याकरण

दहावीपर्यंत इंग्रजीचं व्याकरण सगळ्यांनीच केलेलं असतं. 2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधीच्या लोकांना ते पाचवीपासून होतं. बारा काळ पाठ, ॲक्टिव्ह-पॅसिव्हचे मार्क खिशात. तरी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत बाहेरचा इंजिनिअर येतो, "हाउ लाँग हॅव यू बीन वर्किंग हिअर?" एवढंच विचारतो, आणि पंधरा वर्षं तिथं घाम गाळलेला माणूस शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

त्याला शब्द येत नसतात असं नाही. तो आधी मनात मराठी वाक्य जुळवतो आणि मग त्याचा एकेक शब्द बदलत बसतो. तोवर समोरचा पुढं निघून गेलेला असतो. एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे : मराठी माणूस इंग्रजीत कुठं चुकणार हे आधीच सांगता येतं, कारण बहुतेक चुका आपल्या मराठी वाक्याच्या घडणीतून येतात. त्या ठरावीक जागा ओळखल्या आणि तिथली तयार वाक्यं तोंडात बसवली, की निम्म्याहून जास्त काम होतं. पुढची सगळी पद्धत त्याच हिशेबानं लावली आहे.

सामान थोडंच लागतं. एक दोनशे पानी वही, चपलेचा एक रिकामा खोका, पोस्टकार्डाएवढे कापलेले जाड कागद आणि मोबाईलमध्ये उच्चार ऐकवणारी एखादी डिक्शनरी. या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे उच्चार सोबत येईल. वहीत मात्र ती इंग्रजी लिपीतच लिहा, स्पेलिंग बघून.

आधी घरातलं इंग्रजी गोळा करा

सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपल्या बोलण्यात येणारे इंग्रजी शब्द दोन-तीन दिवस लिहून काढा. गॅस, कुकर, फ्रीज, बिल, रिचार्ज, शिफ्ट, ओव्हरटाइम, कास्टिंग, पेमेंट, ॲडव्हान्स, डिस्काउंट, स्टॉप, सिग्नल. वहीची दोन-तीन पानं सहज भरतात. यांचे अर्थ पाठ करायचे नाहीत, ते येतातच. कमी पडतं ते त्यांच्याबरोबर चालणारं क्रियापद.

मराठीत आपण सगळ्याला 'करणे' लावून मोकळे होतो : पेमेंट कर, फोन कर, नाश्ता कर, आंघोळ कर, पार्टी कर, चूक कर, ओव्हरटाइम कर. इंग्रजीत प्रत्येकाचा जोडीदार वेगळा. 'मेक अ पेमेंट', 'मेक अ कॉल', 'मेक अ मिस्टेक'. पण 'हॅव ब्रेकफास्ट', 'हॅव अ पार्टी', 'टेक अ बाथ', 'डू द होमवर्क', 'वर्क ओव्हरटाइम'. याला नियम शोधत बसू नका, सापडत नाही. जोडीच्या जोडी लिहा आणि जोडीनंच म्हणा. वहीत नुसतं 'पेमेंट' लिहिलं तर ते पान वाया गेलं समजा.

काही शब्द ओळखीचे वाटतात आणि दगा देतात. आपल्याकडं हॉटेल म्हणजे मिसळ मिळते ती जागा. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, खायच्या जागेला 'रेस्टॉरंट'. 'भावाचं मॅरेज आहे' हे आपल्यात चालतं, पण लग्नाच्या सोहळ्याला इंग्रजीत 'वेडिंग' म्हणतात, 'मॅरेज' म्हणजे वैवाहिक जीवन. पंखा आपण बंद करतो, इंग्रजीत 'क्लोज द फॅन' होत नाही, 'टर्न ऑफ द फॅन' होतं. दार मात्र 'क्लोज'च होतं.

एक पान, एक काम

वहीचं एकेक पान रोजच्या एकेका कामाला द्या. दुकान उघडणं, मुलाला शाळेत सोडणं, धार काढणं, मशीन सेट करणं, स्वयंपाक. त्या कामातली सहा-सात क्रियापदं आणि त्यांची छोटी वाक्यं, बस्स.

नमुना म्हणून पांढऱ्या रश्शाचं पान देतो. कोल्हापुरात याच्याइतकं ओळखीचं काम दुसरं कुठलं असणार?

"वॉश द मटन." मटण धुवा. "बॉइल इट विथ सॉल्ट अँड जिंजर-गार्लिक पेस्ट." मीठ आणि आलं-लसूण पेस्ट लावून शिजवा. "स्ट्रेन द स्टॉक." अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, गाळून घ्या. "ग्राइंड द पॉपी सीड्स, सेसमी सीड्स अँड कॅश्यूज." खसखस, तीळ, काजू वाटा. "ॲड द कोकोनट मिल्क." नारळाचं दूध घाला. "स्टर इट ऑन अ लो फ्लेम." मंद आचेवर ढवळत राहा. "डोंट लेट इट बॉइल, ऑर इट विल स्प्लिट." उकळी येऊ देऊ नका, नाहीतर फुटेल.

चिरणे 'चॉप', सोलणे 'पील', किसणे 'ग्रेट', भाजणे 'रोस्ट', लाटणे 'रोल आउट', कणीक मळणे 'नीड'. या शेवटच्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'के' आहे, पण तो बोलायचा नाही, 'नाइफ'मधल्यासारखाच. बिलाच्या पावतीला 'रिसीट' म्हणतात, त्यातला 'पी' असाच मुका. मराठी लिहितो तशी बोलतो, म्हणून आपल्याला वाटतं इंग्रजीही तशीच असेल. नवा शब्द लिहिण्याआधी एकदा कानानं ऐका, हे सोडू नका.

आता खरं काम. या पानातलं एकच वाक्य घ्या आणि ते फिरवा. 'ॲड द कोकोनट मिल्क' ही झाली आज्ञा. आई नेहमी काय करते? "माय मदर ॲड्स द कोकोनट मिल्क ॲट द एंड." आत्ता काय चाललंय? "शी इज ॲडिंग द कोकोनट मिल्क." काल काय केलं? "शी ॲडेड द कोकोनट मिल्क." उद्या? "शी विल ॲड द कोकोनट मिल्क." नकार : "शी डिडन्ट ॲड द कोकोनट मिल्क." प्रश्न : "डिड शी ॲड द कोकोनट मिल्क?"

शेवटच्या दोन वाक्यांत बघा, 'डिड' आलं की 'ॲडेड'चं परत 'ॲड' झालं. भूतकाळ एकदाच दाखवायचा, तो 'डिड'नं दाखवून झाला. 'डिडन्ट ॲडेड' ही चूक शिकलेल्या माणसांकडूनही रोज ऐकू येते. आणि 'शी ॲड्स'मधला तो 'एस' : 'ही, शी, इट' किंवा एका माणसाचं नाव असेल तरच. पाठांतरापेक्षा आईबद्दलची दहा वाक्यं मोठ्यानं म्हटली तर तो लवकर बसतो.

रोज एक वाक्य असं फिरवा. वीस मिनिटं पुरतात. एका पानाचा कंटाळा आला तर दुसरं घ्या, पण फिरवायचं चुकवू नका. व्याकरणाचं पुस्तक वर्षभर करतं ते काम इथं होतं.

मला, मला, मला

मराठीत आपल्याला गोष्टी 'होतात' : मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला राग आला, मला झोप येते, मला मिसळ आवडते, मला दोन भाऊ आहेत, मला ताप आलाय. इंग्रजीत यातल्या प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आय'नं होते. 'मला'चं 'टू मी' करायला गेलात की वाक्य तिथंच अडकतं.

"आय ॲम हंग्री." "आय ॲम कोल्ड." "आय गॉट अँग्री." "आय ॲम स्लीपी." "आय लाइक मिसळ." "आय हॅव टू ब्रदर्स." "आय हॅव अ फीवर."

एवढ्या वाक्यांत तीन साचे दिसतात. शरीराची-मनाची अवस्था असेल तर बहुधा 'आय ॲम' : हंग्री, थर्स्टी, टायर्ड, बोअर्ड. नातं, मालकी, आजार असेल तर 'आय हॅव' : 'आय हॅव अ कोल्ड' म्हणजे सर्दी, आणि वरचं 'आय ॲम कोल्ड' म्हणजे थंडी वाजणं. अवस्था बदलली असेल तर 'आय गॉट' : गॉट वेट, गॉट अँग्री. दिवसभरात स्वतःच्या तोंडून निघणारी 'मला'ची वाक्यं टिपा आणि तीनपैकी कुठल्या साच्यात बसतात ते बघा. उरतील ती वेगळी लिहा : 'मला वाटतं' म्हणजे 'आय थिंक', 'मला माहीत आहे' म्हणजे 'आय नो', 'मला जायचंय' म्हणजे 'आय हॅव टू गो' किंवा 'आय वॉन्ट टू गो'. सक्ती असेल तर पहिलं, इच्छा असेल तर दुसरं.

कराय लागलोय

'आय ॲम'नंतर 'इंग' कधी लावायचं यावर शाळेत पानंच्या पानं खर्ची पडतात. कोल्हापूरच्या माणसाला ते आयतं मिळालंय. "काय कराय लागलायस?" "जेवाय लागलोय." जिथं 'लागलोय' तोंडात येतं, तिथं 'इंग'. 'आय ॲम ईटिंग.' जिथं नुसतं 'करतो' येतं तिथं साधा वर्तमानकाळ. 'मी शिरोलीत काम करतो' म्हणजे 'आय वर्क इन शिरोली'. प्रमाण मराठीतल्या 'करतोय'नंही हे जमतं, पण 'लागलोय'मध्ये फसायला जागाच राहत नाही. 'मला दोन भाऊ असाय लागलेत' असं कोण म्हणत नाही, म्हणून 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' होत नाही. 'मला माहीत असाय लागलंय' म्हणत नाही, म्हणून 'आय ॲम नोइंग' नाही.

ही युक्ती एका ठिकाणी तोकडी पडते, आणि तेच ठिकाण फाउंड्रीतल्या त्या प्रश्नाचं आहे. 'मी पंधरा वर्षं इथं काम करतोय.' काम मागं कधीतरी सुरू झालं आणि अजून चालू आहे. इथं 'आय ॲम वर्किंग' चालत नाही. "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फिफ्टीन इयर्स."

आणि 'पंधरा वर्षांपासून'मधल्या 'पासून'कडं बघून 'सिन्स फिफ्टीन इयर्स' म्हणू नका. सुरुवातीचा क्षण सांगत असाल तर 'सिन्स' : सिन्स 2010, सिन्स मंडे, सिन्स धिस मॉर्निंग. मधली लांबी सांगत असाल तर 'फॉर' : फॉर फिफ्टीन इयर्स, फॉर टू अवर्स. मुलाखतीला जाणाऱ्यानं याचं एक कार्ड आपल्या खऱ्या नोकरीचं, खऱ्या सालाचं करून ठेवावं. प्रश्न येणारच आहे.

गेलतो

"काल जोतिबाला गेलतो." आता याचं इंग्रजी करा. दहापैकी नऊ जण 'आय हॅड गॉन टू जोतिबा यस्टरडे' म्हणतील, कारण 'गेलतो' म्हणजे 'गेलो होतो', आणि 'होतो' म्हणजे 'हॅड' असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं. बरोबर वाक्य आहे : "आय वेंट टू जोतिबा यस्टरडे."

'काल, परवा, गेल्या रविवारी, 2019 साली' अशी वेळ सांगून एखादी गोष्ट झाली म्हणायचं असेल तर साधा भूतकाळ. मराठीत तिथं 'होतो' येवो नाहीतर न येवो. "आय मेट हिम लास्ट संडे." "वी बॉट धिस हाउस इन 2019." याच वाक्यात 'आय हॅव मेट' सुद्धा चालत नाही. 'हॅव' आलं की वेळ सांगायची नसते : 'आय हॅव मेट हिम', कधी ते विचारू नका.

मग 'हॅड' कुठं? "स्टँडवर पोचलो तोवर गाडी गेलती." इथं दोन गोष्टी झाल्या. माझं पोचणं आणि त्याच्याही आधी गाडीचं सुटणं. "बाय द टाइम आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट." भूतकाळाच्याही मागं जायचं असेल तेव्हा 'हॅड'. दिवसातून अशी वेळ एखाददुसरीच येते. त्यामुळं सुरुवातीचे दोन-तीन महिने 'हॅड' तोंडात आलं, की थांबा आणि विचारा : मागं आणखी कुठली गोष्ट आहे का? नसेल तर काढून टाका. माझ्या मते मराठी माणसाचं इंग्रजी सगळ्यात लवकर सुधारतं ते या एका कात्रीनं.

भूतकाळाची वेडीवाकडी रूपं (गो-वेंट, बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, टीच-टॉट) पाठच करावी लागतात. पण शंभरची यादी घेऊन बसू नका. काल दिवसभरात जे केलं त्याला लागतात तेवढी आधी करा.

वर, मध्ये, आणि तो छोटासा 'द'

आपण रंकाळ्यावर जातो, स्टँडवर जातो, शेतावर जातो. इंग्रजीत जाणं असेल तर 'टू' : 'आय वेंट टू रंकाळा'. 'ऑन रंकाळा' म्हटलं तर पाण्यावर चालल्यासारखं होईल. केएमटीत बसलो तर 'ऑन द बस', रिक्षात बसलो तर 'इन अ रिक्शा'. आत उभं राहून चालता येतं त्या वाहनाला 'ऑन', वाकून बसावं लागतं त्याला 'इन', एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. वेळेचं सोपं आहे : घड्याळाला 'ॲट', वाराला 'ऑन', महिन्याला आणि सालाला 'इन'. रागावणं 'ऑन' कुणावर नसतं, 'अँग्री विथ हिम' असतं. 'डिस्कस'पुढं 'अबाउट' नको. 'आस्क'पुढं 'टू' नको : 'आय आस्क्ड हिम'.

'अ' आणि 'द' मराठीत नाहीत, म्हणून ते कानालाच लागत नाहीत. चाचणी अशी : मराठी वाक्यात 'एक' किंवा 'एखादा' घालून बघा, बसला तर 'अ'. 'तो, आपला तो' बसला तर 'द'. "आय बॉट अ बॅग इन लक्ष्मीपुरी. द झिप ब्रोक ऑन द सेम डे." पहिल्यांदा एक बॅग, नंतर त्याच बॅगेची ती चेन. नद्यांना 'द' लागतो, तळ्यांना नाही : 'द पंचगंगा', पण 'रंकाळा लेक'. 'शिवाजी युनिव्हर्सिटी'ला नाही, 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई'ला आहे, कारण मध्ये 'ऑफ' आलं. आणि 'अ युनिव्हर्सिटी', पण 'ॲन अवर'. इथं अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा. यात चुकलात तरी समोरच्याला समजतं, म्हणून इथं फार रक्त आटवू नका.

किती शब्द पुरे?

इंग्रज भाषाअभ्यासक सी. के. ऑग्डेन यांनी 1930 साली 850 शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली आणि तिच्यात क्रियापदं ठेवली फक्त 18 : कम, गो, गेट, गिव्ह, टेक, पुट, मेक, कीप, लेट अशी. ढाक्यात शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांची 1953 ची यादी साधारण दोन हजार शब्दांची होती. तेवढ्यातच रहावं असं मी म्हणणार नाही, पण या छोट्या क्रियापदांवर वेळ घालवा. मोठे शब्द मग आपोआप वाचनातून येतात.

एकट्या 'गेट'चंच बघा. "गेट ऑन ॲट गंगावेश, गेट ऑफ ॲट बिंदू चौक." चढणं आणि उतरणं. "वी गॉट वेट." भिजलो. "आय गेट अप ॲट फाइव्ह." "ही गॉट अ जॉब." "आय डिडन्ट गेट इट." समजलं नाही. इतक्या मराठी क्रियापदांना एकच शब्द पुरतो. 'गेट'चं एक अख्खं पान करा, पुढं 'टेक' आणि 'पुट'ची.

खोक्याचा उपयोग

लिहिलेलं विसरणारच. त्यावर सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं 1972 मध्ये सांगितलेली खोक्याची रीत साधी आणि फुकट आहे. चपलेच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. मराठी बाजू बघून इंग्रजी मोठ्यानं म्हणा. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात, कुठल्याही कप्प्यातलं असो. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. मोबाईलवर याची ॲपही आहेत, पण ज्यांच्या हातात मोबाईल आला की रील सुरू होतं त्यांनी खोकाच वापरावा.

वाचायला काय घ्यावं

ज्यातला मजकूर आधीच माहीत आहे ते. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी आपल्याला पाठ असते : राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. त्या दिवसांत इंग्रजी पेपरातली तीच बातमी वाचा. "द पंचगंगा हॅज क्रॉस्ड द डेंजर मार्क ॲट राजाराम विअर." 'विअर' म्हणजे बंधारा हे डिक्शनरी न उघडता कळतं. 'इव्हॅक्युएट', 'शेल्टर', 'रिसीड' असेच कळतात. कोल्हापुरी चपलेला 2019 साली मिळालेलं जीआय मानांकन, कुस्तीचा निकाल, उसाचा दर, सगळ्यावर हेच करा. आधी मराठी बातमी, मग इंग्रजी, आणि प्रत्येक बातमीतलं एकच वाक्य वहीत.

तोंड उघडायचं कुठं

एकट्यानं मोठ्यानं बोलणं ही अर्धी तालीम. उरलेली अर्धी माणसांपुढंच होते. भवानी मंडपात आणि चप्पल ओळीत परराज्यातली, परदेशातली गिऱ्हाइकं रोज येतात. तुमचं दुकान नसलं तरी हा संवाद जोडीदाराबरोबर करून बघा, आळीपाळीनं गिऱ्हाईक आणि दुकानदार होऊन :

"कॅन आय हेल्प यू?"
"आय ॲम लुकिंग फॉर अ पेअर ऑफ कोल्हापुरीज."
"व्हॉट साइझ डू यू वेअर?"
"एट, आय थिंक."
"ट्राय धिस वन. इट इज प्युअर लेदर."
"इट इज अ बिट टाइट."
"इट विल लूसन इन अ वीक. डोंट गेट इट वेट."
"हाउ मच इज इट?"
"ट्वेल्व्ह हंड्रेड."
"दॅट इज टू मच. कॅन यू गिव्ह मी अ डिस्काउंट?"
"आय कॅन गिव्ह इट टू यू फॉर इलेव्हन हंड्रेड. नॉट अ रुपी लेस."

हा संवाद अडखळायचा थांबला की त्यात चप्पल काढून गूळ घाला, मग साडी, मग मोटरचं स्पेअर पार्ट. साइझच्या जागी वजन येईल, लेदरच्या जागी कापड. मग गिऱ्हाईक माल परत करायला आलंय असं धरा. "आय बॉट धिस यस्टरडे, बट द स्ट्रॅप हॅज कम ऑफ." इथं एकाच वाक्यात दोन काळ आलेत. 'यस्टरडे' आहे तिथं 'बॉट', आणि पट्टा तुटलेला अजून हातात दिसतोय तिथं 'हॅज कम ऑफ'.